दोन आखूड शिट्ट्या

नागपूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋषीदादा,

हर्षाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे रायपूरले बरा असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोयच तू ठेवली नाही. फोन लावला तर उचलत नाही, अन् उचललाच तर 'ड्यूटीवर आहे' म्हणून ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला. फाडायचा असन तर फाड, पण फाडायच्या आधी माणूस चार ओळी तरी वाचतेच.

आता खबर. उभा असशील तर बस. मी अन् सुशीलनं धंदा सुरू केला. कोणता म्हणशील तर तोच, बाबाचाच. खोदकाम अन् माती-मुरमाची वाहतूक. कामठीच्या एका माणसाकडून जुना जेसीबी घेतला, एक टिप्पर घेतला. जेसीबीच्या दांडीवर लाल अक्षरात लिहून घेतलं, 'रुपराव अर्थमूव्हर्स'. बाबाचं नाव पेंटरनं मस्त काढलं.

हं, दे आता शिव्या. झाल्या देऊन? मंग पुढं वाच.

तू माह्या लग्नात नव्हता, म्हणून सुशील तुले फोटोपुरताच माहीत. हिंगण्याले एका कंपनीत फिटर आहे. माणसांशी कमी बोलते, मशीनशी जास्त. मी रामदासपेठेत एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांचे रडके चेहरे पाहते. नोकऱ्या आम्ही सोडल्या नाहीत. धंदा फक्त शनिवारी दुपारी अन् रविवारी. सुशीलनं कंपनीले लेखी विचारलं, तर त्याचा साहेब म्हणे, लोकं सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात अन् तू खड्डे काढशील? पण सही दिली बिचाऱ्यानं.

अन् दादा, सगळं कायदेशीर आहे. एकही गोष्ट चोरीची नाही. गुमास्ता लायसन काढायले गेली तर कॉम्प्युटरवरचा पोट्टा म्हणे, "ताई, लेडीजच्या नावानं खोदकाम? ब्युटी पार्लर टाकून देऊ का?" मी म्हटलं, "टाक बापा, अन् पहिलं फेशियल तुझंच करते, बकेटीनं." मंग गप टाइप करून दिलं. मशीन आरटीओत आपल्या नावावर झाली. मशीनचा विमा आहे, ऑपरेटरचा वेगळा आहे. टिप्परले जीपीएस बसवला. प्लॉटच्या बाहेर माती न्यायची तर तहसीलची परवानगी अन् रॉयल्टी, तेव्हा कुठं ऑनलाइन पास निघते. पास निघाल्याशिवाय मी टिप्परचं चाक हलू देत नाही. परवा एक गिऱ्हाईक हसून राहिलं होतं, "काय ताई, एवढ्याशा मुरमासाठी पास?" एवढ्याशा मुरमानं काय होते ते त्याले मी काय सांगू? पास निघेपर्यंत चहा पाजला.

ऑपरेटर कवडूभाऊ आहे, मौद्याकडचा. डोक्याचे केस पांढरे झाले पण हात असा साफ का बकेटीनं अंडं उचलून ठेवन. सगळी जिंदगी मुरमाच्या बिनपासाच्या खदानीत गेली, अन् त्या खदानी कशा असतात हे तुले सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी त्याच्या हातात पास दिला तर उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला अन् म्हणे, "ताई, हे खिशात असलं का भीती वाटत नाही का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणे, "मले तर वाटूनच राहिली."

सुशीलनं एक नियम केला. बकेट खाली असली का खड्ड्याच्या काठावर एक माणूस उभा राहिलाच पाहिजे, शिट्टी घेऊन. एक लांब शिट्टी म्हणजे थांब. नवी प्लास्टिकची शिट्टी आणली त्यानं, केशरी. जाऊ दे, शिट्टीचं नंतर लिहीन.

आईचं सांगते. लग्न झाल्यावर मी तिले गावाकडून इथं दिघोरीच्या पुढं आणलं, ते तुले माहीतच आहे. जेवणखाण ठीक आहे, गुडघे दुखतात. आमच्या घरी कुकर नाही, दादा. शिट्टी झाली का आई भिंत धरून उभी राहते, अंगाले घाम सुटते. म्हणून भात अन् वरण दोन्ही उघड्या पातेल्यात, गंजात. सुशीलच्या बहिणी माह्या मागं मले गावंढळ म्हणतात. म्हणू दे.

मशीन बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर उभी असते. रविवारी कवडूभाऊनं सेल्फ मारला का आई खुर्ची घेऊन पोर्चमध्ये येते अन् मशीनकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसते. मशीन परत येईपर्यंत घोटभर चहा घेत नाही. मले वाटते तिले ती पाहवत नाही. मंग आत काहून जात नाही, ते समजत नाही.

अजून एक गोष्ट आहे. सुशीलले सांगितली नाही, तुले सांगते. दुपारी घरात कधीकधी शिट्टी ऐकू येते. पूर्ण वाजत नाही. बाबाच्या पितळी शिट्टीतला दाणा झिजला होता, वाजायच्या आधी ती फुसफुस करे, आठवते? तेवढीच फुसफुस. मी उठून जाते तर देवाजवळ आई डोळे मिटून पडलेली. विचारलं, "आई, काही ऐकलं का वं?" तर म्हणते, "नाही बाई, तुह्या कानाचं दुखणं असन." गावातले लोक म्हणत का बाबा गेले त्या खड्ड्याजवळ शिट्टी वाजते, तिकडे कोणी ढोरं नेत नाही, तेव्हा मी हसत होती. आता मले भीती वाटते. नव्या मशीनवर बाबाचं नाव टाकलं अन् त्या नावामागं बाबा इथपर्यंत आले असं वाटते. अन् आले तर काय मागायले आले?

अक्षय तृतीयेले ये. बाबाची घागर दरवर्षी मीच भरते, अन् दरवर्षी आई म्हणते, पोराच्या हातचं पाणी पाहिजे. मशीनले हात लावू नको, मशीनकडे पाहू नको. घागर भर, पन्हं पी अन् जा. एवढंच मागते.

तुझी बहीण,
हर्षा

•

नागपूर,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

तुले नमस्कार. माह्या पहिल्या चिठ्ठीचं उत्तर आलं नाही, पण ती परतही आली नाही, म्हणजे तुह्या हातात पडली. इकडे ऊन असं तापून राहिलं का दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कूलरच्या टाट्या बदलल्या. आईनं या उन्हातही गच्चीवर वड्या घातल्या, ऐकत नाही. सुशीलच्या कोपराले लागलं आहे, पट्टी आहे, बरं आहे. दवाखान्यात आमची खिडकी आता एसीत गेली.

अजून काय लिहू? काही नाही. इकडचं तिकडचं लिहीत बसली तर हाही कागद भरून जाईन अन् जे लिहायचं ते राहूनच जाईन. लिहिते. तू वाचताना मधात थांबू नको.

मागच्याच्या मागच्या रविवारी आमच्या मागच्या लेआउटमध्ये काम होतं, एका मास्तरच्या घराच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा. खड्डा पुरुषभर खोल गेला होता. सुशील काठावर होता. मशीनच्या मागच्या चाकाखालचा गोटा सरकला असं त्याले वाटलं, म्हणून तो मागं जाऊन वाकला. जायच्या आधी कवडूभाऊले हात करायले पाहिजे होता, केला नाही. मी टिप्परपाशी पास काढून राहिली होती.

अन् शिट्टी वाजली. आधी फुसफुस, मंग दोन आखूड.

कवडूभाऊनं पुढचं-मागचं काही पाहिलं नाही. बकेट वर, मशीनचे पाय वर, अन् मशीन सरळ मागं. मी ओरडली. काय ओरडली ते मले आठवत नाही. सुशीलनं बाजूले उडी मारली. त्याची पाण्याची कॅन चाकाखाली गेली अन् फुटली. मास्तरीणबाई तिकडून किंचाळली तेव्हा कवडूभाऊनं ब्रेक दाबला.

सुशील जिवंत होता. कोपर खरचटलं, बस. मी त्याले मारलं का धरलं ते माहीत नाही, दोन्ही केलं असन.

कवडूभाऊ खाली उतरला अन् फुटलेल्या कॅनपाशी बसला. म्हणे, "ताई, मले जोड्यानं हाणा. दोन आखूड वाजल्या. आमच्या खदानीत दोन आखूड म्हणजे तहसीलच्या पथकाची गाडी आली, मशीन काढ अन् पळ. दुसरं काहीच समजत नाही तेव्हा. खिशात पास आहे, पण माह्या हातापायाले कुठं माहीत आहे पास?"

सुशीलची केशरी शिट्टी त्याच्या गळ्यात होती. त्यानं वाजवली नव्हती. मी भर उन्हात उभी, अन् माह्या अंगावर काटा. कारण ती शिट्टी मी ओळखली होती. आवाज आला त्या बाजूले मी मान वळवली, अन् दादा, खरं सांगते, मले वाटलं बाबाच दिसतील.

अर्धवट बांधलेल्या भिंतीपाशी आई उभी होती, पोर्चमधून उठून आमच्या मागं कधी आली ते समजलंच नाही. पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. तोंडात बाबाची पितळी शिट्टी. अन् रस्त्यावर तहसीलची पांढरी गाडी येऊन थांबली होती.

तलाठीसाहेब उतरले. मी पास दाखवला, परवानगी दाखवली. त्यांनी पाहिलं, म्हणे सगळं बरोबर आहे. पाणी मागितलं, प्यायले. "ह्या आजीले उन्हात काहून उभं केलं?" म्हणून मलेच रागावले अन् गेले. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीसाठी माह्या नवऱ्याचा जीव जात होता.

आई तिथंच मातीत बसली. उठवली तर उठेना. फुटलेल्या कॅनकडे पाहत होती. मंग म्हणे, "पुन्हा माह्याच्यानंच झालं असतं."

मी म्हटलं, "पुन्हा म्हणजे?"

दादा, आता ऐक. तू त्या दिवशी पोलिसांना सांगितलं, गावाले सांगितलं, मले सांगितलं, का दोन शिट्ट्या वाजल्या म्हणून मी मशीन मागं घेतली. शिट्टी वाजवायचं काम बाबाचं, अन् बाबा कायम काठावर. शिट्टी वाजली म्हणजे बाबा वर आहेत, म्हणून तू बिनधास्त मशीन काढली अन् काठ ढासळला. अन् बाबा खाली होते. सगळे म्हणाले, खाली दबलेला माणूस शिट्टी कशी वाजवन? पोरगा खोटं बोलून राहिला, नाही तर त्याले भूल पडली. मीही तेच म्हटलं. केस बंद झाली, पण गावानं तुले मोकळं केलं नाही. तूही शेवटी मले म्हणाला होता, हर्षे, मले खरंच ऐकू आली का माह्या डोक्यात वाजली, हेच आता समजत नाही. अन् दुसऱ्या दिवशी तू घरात नव्हता.

आईनं सांगितलं ते तिच्याच शब्दात लिहिते. आम्ही दोघी मातीत बसलो होतो.

"त्या दिवशी रविवार होता. कचेऱ्या बंद म्हणून तुह्या बाबानं रविवारच धरला होता. पण पथकाचा भरोसा नाही. रस्त्यावरून तुह्या बाबाले इशारा करणारा माणूस लग्नाले गेला. मी डबा घेऊन गेली, तर तुह्या बाबानं शिट्टी माह्याच गळ्यात टाकली. म्हणे, गोपिका, तू पळसाखाली उभी राय, रस्त्याकडे पाह्य. गाडी दिसली का दोनदा फुंक. मी खाली जाऊन काठाखालचा गोटा पाहून येतो."

"दादाले माहीत होतं, तू आली म्हणून?"

"कसं माहीत असन? तो मशीनवर. मी पळसाच्या तिकडून. धूळ दिसली. धुळीत काच चमकली. जीपच वाटली मले. फुंकली."

"अन् कोणती गाडी होती वं आई?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. मंग म्हणे, "आंदणाची. पोरीचं आंदण चाललं होतं. कपाटाचा आरसा चमकला."

लग्नघरच्या कपाटाचा आरसा, दादा. एवढ्यासाठी बाबा गेले अन् तू गेला.

मले राग आला. खोटं कशाले सांगू, मायवर हात उगारावा असा राग आला. मी म्हटलं, "मंग तेव्हा काहून सांगितलं नाही? दादाले सगळे थुंकत होते तेव्हा तुह्या तोंडाले काय झालं होतं?" तर म्हणे, "पोलिस आले तर मी भिऊन शिट्टी पोलक्यात घातली. मंग रोज म्हटलं, उद्या सांगीन. अन् सांगाले उठली त्या दिवशी ऋषी कुठं होता?" रडली नाही. तेवढं बोलली अन् माती मुठीत घेऊन बसली. सुशीलनं तिले उचलून घरी आणलं, लागलेल्या कोपरानं.

दुपारची ती फुसफुस तिचीच. आम्ही झोपलो का ती देवामागून शिट्टी काढे अन् वाजणार नाही एवढाच श्वास त्यात सोडे. मी विचारलं, "काहून वं?" म्हणे, "असं वाटे, एखाद दिवस वाजणारच नाही. मंग त्या दिवशीही वाजली नव्हती, असं होईन." हे ऐकल्यावर माह्याच्यानं राग धरवला नाही.

त्या रात्री मी कागदांची फाइल उघडली नाही, पण मनात तेच होतं. परवानगी, रॉयल्टी, पास, विमा. लोक हसतात अन् मी हट्टानं करते, कशासाठी ते मलेच नीट सांगता येत नव्हतं. आता सांगता येते. काम चोरीचं असलं का काठावरच्या माणसाले रस्त्याकडे पाहावं लागते. मंग खड्ड्याकडे कोण पाहन? त्या दिवशी आपल्याकडे मशीन होती, माणसं होती, शिट्टी होती. पण खड्ड्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. आईची पाठ होती तिकडे. मशीन आल्यापासून ती पोर्चमध्येही तशीच पाठ करून बसे अन् मले वाटे तिले पाहवत नाही.

कवडूभाऊ म्हणे मी येत नाही ताई, माह्या अंगात ते दोन आखूड आहेत, कधी जीव घेईन कोणाचा. मी म्हटलं, या. दोन आखूड आजपासून बंद. एक लांब, थांब. बाकी काही नाही. मशीन मागं घ्यायची तर आधी काठावरच्या माणसाचा हात पाहायचा. हात दिसला नाही तर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं.

काल रविवारी मास्तरच्याच खड्ड्यावर परत काम होतं. मशीन निघाली तर आई चपला घालून तयार. सुशील म्हणे, "आई, तुम्ही घरी बसा." ती म्हणे, "मी काठावर उभी राहते." आम्ही खुर्ची दिली तर बसली नाही. डोक्यावर ओला दुपट्टा, गळ्यात पितळी शिट्टी, अन् पहिल्यांदा तोंड खड्ड्याकडे. रस्त्यानं गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते, तिनं मान वळवली नाही. एकदा काठावरून ढेकूळ घरंगळलं, अन् आईनं अशी लांब शिट्टी मारली का कवडूभाऊ जागेवर दगड. ढेकूळ मुठीएवढं होतं. कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं चहा घेतला. मंग म्हणे, "वं हर्षा, बाजारातून कुकर आणजो." अजून आणला नाही. तू आल्यावर आणू.

एक राहिलं. मी आईले विचारलं, "गावात त्या खड्ड्यापाशी लोकांना शिट्टी ऐकू येते, ती तूच वाजवायले जात होती का?" ती म्हणे, "नाही बाई. मी त्या दिवसानंतर तिकडे पाय ठेवला नाही." मंग तिथं कोण वाजवते ते मले माहीत नाही, दादा. मी त्याच्या मागं लागणार नाही. एवढंच वाटते का जो कोणी आहे, त्याच्यापर्यंत तुह्या हातचं घागरभर पाणी पोचायले पाहिजे.

अक्षय तृतीया पुढच्या बुधवारी आहे. घागर आणून ठेवली, कोरी आहे. तू पाहिजे तर आईशी बोलू नको, तिच्या तोंडाकडे पाहू नको, रागानं ये, भांडायले ये. तो तुझा हक्क आहे. पण ये. ती तुह्यासमोर हे सगळं पुन्हा सांगणार आहे, मी सांगितलं तरी तिचं समाधान नाही. रोज पाठ करून राहिली, स्वयंपाक करता करता ओठ हलतात. तू आला नाही तर ते तिच्या तोंडातच राहीन, अन् तिचं आता वय झालं.

ही चिठ्ठी लिहून राहिली तर ती बाजूले बसली आहे. तिले लिहिता येत नाही, म्हणून शेवटची ओळ तिनं सांगितली. मी पुसलं, अजून काही लिहू का? आशीर्वाद लिहू का? म्हणे नको, एवढंच लिही, अन् मोठ्यानं वाचून दाखव मले.

"ऋषी, शिट्टी वाजली होती. तू बरोबर ऐकली होती."

— आई
तिच्या सांगण्यावरून, तुले खोटा म्हणणारी तुझी बहीण, हर्षा